चिन्ह आणि आकृती : वेबपृष्ठरचनेच्या साधनांचा इतिहास व मराठी लेखन

वेबपृष्ठाची दर्शनी बाजू रचणाऱ्यास व्यवसायात फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणतात. खुणांची भाषा, शैलीपत्रके, फाँट, ब्राउझरमधील निरीक्षक, तपासनीस आणि संदर्भकोश अशी त्याच्या हाताशी असणाऱ्या साधनांची यादी मोठी आहे. या साधनांची वर्णने विपुल आहेत. परंतु ती बहुधा यादीच्याच स्वरूपाची असतात. कोणते साधन कोणत्या अडचणीतून जन्मास आले, एक टिकले आणि दुसरे का लयास गेले, याचा विचार त्यांत क्वचितच आढळतो. भाषेच्या अभ्यासकास हा विचार टाळता येणार नाही. कारण वेबपृष्ठ हे मुख्यतः लेखन आहे, आणि लेखनाची साधने बदलली म्हणजे लेखनाचे भवितव्यही बदलते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, या क्षेत्रात जी साधने टिकली ती सर्व एका विवेकावर उभी आहेत. लिहिलेले चिन्ह वेगळे आणि त्याची डोळ्यांना दिसणारी आकृती वेगळी, हा तो विवेक होय. ध्वनिविचारात स्वनिम आणि प्रत्यक्ष उच्चारलेला स्वन यांत जो भेद केला जातो, त्याच जातीचा हा भेद आहे. ज्या साधनांनी हा भेद पुसला त्यांनी तात्कालिक सोय केली, पण मागे न वाचता येणारे लेखन ठेवले. मराठी लेखनाने या दोन्ही प्रकारांचा अनुभव घेतला असल्यामुळे हा इतिहास मराठीच्या बाजूने पाहणे विशेष उद्बोधक ठरते.

१. खुणांची भाषा आणि शैलीपत्रक

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. तिच्यासाठी सिद्ध झालेली एचटीएमएल ही खुणांची भाषा आरंभी अगदी लहान होती. हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा, एवढेच ती सांगे. मथळा किती मोठा दिसावा, कोणत्या रंगात दिसावा, हे सांगणे तिचे काम नव्हते. संशोधकांचे टिपण कोणत्याही यंत्रावर वाचता यावे, हा मूळ हेतू लक्षात घेतला म्हणजे हा संयम सहज समजतो.

वेबचा प्रसार होताच हा संयम सुटला. ब्राउझर तयार करणाऱ्यांनी अक्षरांचा आकार, रंग व घाट ठरविणाऱ्या खुणा भाषेतच घातल्या, आणि मजकूर व सजावट यांची सरमिसळ झाली. यावर हॉकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकाचा प्रस्ताव मांडला. त्यातून डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आणि मे १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. मजकूर एका पत्रात व त्याचे रूप दुसऱ्या पत्रात, ही विभागणी तेव्हापासून तत्त्वतः मान्य झाली.

ती व्यवहारात उतरण्यास मात्र अवधी लागला. डेव्ह शे यांनी मे २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसएस झेन गार्डन’ या संकेतस्थळाचा येथे निर्देश केला पाहिजे. तेथे मजकुराचे पान एकच असे, आणि निरनिराळे रचनाकार त्यास केवळ शैलीपत्रक बदलून अगदी भिन्न रूपे देत. एका अक्षरासही धक्का न लावता पानाचे रूप पालटते, हे प्रत्यक्ष दिसल्यामुळे या तत्त्वाविषयीची साशंकता पुष्कळ अंशी दूर झाली. शिकविण्याचे साधन म्हणून त्याचे महत्त्व आजही मानले जाते.

२. देवनागरीचे संकेतन

खुणांच्या भाषेत चिन्ह व आकृती यांचा भेद असा सावकाश रुजत असताना, लिपीच्या क्षेत्रात तोच प्रश्न अधिक खोलवर उभा होता. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल २.० चा वर्णसंच पश्चिम युरोपीय भाषांपुरताच होता. देवनागरीस त्यात स्थान नव्हते. जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएलच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा आलेख प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी डिसेंबरात एचटीएमएल ४.० आले. त्यांनी युनिकोडशी समकक्ष असलेला जागतिक वर्णसंच स्वीकारला आणि मजकुराची भाषा सांगणारा ‘लँग’ हा गुण दिला.

भारतात संकेतनाचे काम त्यापूर्वीच झाले होते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांसाठी एक समान संकेत असावा, या विचारातून ‘इस्की’ हा संकेत सिद्ध झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून त्यास मान्यता मिळाली. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने त्याच्या प्रसाराचे मोठे कार्य केले. या संकेताची दृष्टी व्याकरणाची आहे. त्यात जोडाक्षरांस स्वतंत्र स्थान नाही. व्यंजन, स्वर, स्वरचिन्ह आणि हलन्त एवढ्यांवरच सर्व लेखन उभे राहते. ‘अर्थ’ हा शब्द अ, र, हलन्त, थ या क्रमाने, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. रफार थच्या डोक्यावर दिसतो, ही आकृतीची बाब. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी दिसते, पण संकेतात क आधी येतो. ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारला आणि हीच दृष्टी पुढे नेली.

येणेप्रमाणे १९९१ सालीच चिन्हाचा प्रश्न तत्त्वतः सुटला होता. उणीव होती ती चिन्हांच्या मालिकेवरून योग्य आकृती घडविणाऱ्या यंत्रणेची. घरोघरच्या संगणकांत ती नव्हती. आणि वेबवर मराठी लिहिण्याची इच्छा तर प्रबळ होती. या अंतरातून पुढील कालखंड निर्माण झाला.

३. फाँटबद्ध लेखनाचा कालखंड

या कालखंडात जो मार्ग शोधला गेला तो छापखान्यातील खिळ्यांच्या केसाशी तुलना करण्याजोगा आहे. जुळारी अर्धा वर्ण, काना, मात्रा, रफार असे सुटे खिळे शेजारी शेजारी बसवून शब्द उभा करतो. त्याचप्रमाणे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फाँट तयार झाले. श्री-लिपि, आकृती, किरण, शिवाजी, शुषा इत्यादी नावे त्या काळातील लेखकांच्या परिचयाची आहेत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचाच राही. विशिष्ट फाँट चढविला म्हणजे तेवढ्यापुरता तो मराठी दिसे. कोणत्या रोमन अक्षराच्या जागी कोणता तुकडा, याविषयी फाँटाफाँटांत एकवाक्यता नव्हती.

वेबवर याची अडचण उघड होती. वाचकाच्या संगणकावर तोच फाँट नसेल तर पानावर रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसे. म्हणून पानाबरोबर फाँटही पाठविण्याचे साधन आवश्यक झाले. १९९७ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने मायक्रोसॉफ्टचा ईओटी हा प्रकार स्वीकारला, तर नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीने बिटस्ट्रीमचा ट्रूडॉक हा प्रकार घेतला. हे दोन प्रकार परस्परांस परके होते. दोन्ही ब्राउझरांच्या वाचकांपर्यंत पोहोचावयाचे तर एकाच फाँटाची दोन रूपे सिद्ध करणे भाग पडे. तथापि भारतीय भाषांतील वृत्तपत्रांना हा ‘डायनॅमिक फाँट’ मोठा आधार वाटला, आणि परदेशस्थ मराठी वाचकास काहीही न बसविता आपल्या गावचे वृत्त वाचता येऊ लागले. या सोयीचे मोल कमी लेखणे अनैतिहासिक होईल.

परंतु तिची किंमतही मोठी होती. असे पान दिसे मराठी, पण मराठी नसे. त्यातील शब्द शोधयंत्रास सापडत नसे. उतारा उचलून दुसरीकडे ठेवला की तो निरर्थक होई. अंध वाचकासाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्रास त्यातून काहीही उमगत नसे. पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची वेळ आली तेव्हा केवळ एका संकेताच्या जागी दुसरा ठेवून भागले नाही; आधी टंकिलेली वेलांटी व्यंजनामागे न्यावी लागली, नंतर टंकिलेला रफार व्यंजनापुढे आणावा लागला, आणि अर्धा वर्ण व काना जोडून पूर्ण व्यंजन ओळखावे लागले. फायरफॉक्स ब्राउझरसाठी केलेली ‘पद्म’ ही जोडणी भारतीय लिप्यांतील अशी पाने वाचताना हे काम करीत असे. जी पाने कोणी रूपांतरित केली नाहीत, ती फाँटासह नाहीशी झाली किंवा अवाच्य होऊन राहिली. मराठी गद्याच्या अलीकडील इतिहासाची साधने गोळा करणाऱ्यास या काळातील वृत्तपत्रांची छापील प्रत पाहावी लागते. जुने साधन नव्याहून अधिक विश्वसनीय ठरावे, ही या कालखंडाची खरी शोकांतिका होय.

४. आकृती घडविणारी यंत्रणा

या स्थितीत बदल झाला तो दोन बाजूंनी. पहिली बाजू फाँटाची. मायक्रोसॉफ्ट व अडोबी यांनी १९९६ मध्ये जाहीर केलेल्या ओपनटाइप या रचनेत फाँटामध्येच नियम ठेवण्याची सोय झाली : क, हलन्त, ष ही मालिका आली तर ‘क्ष’ ही आकृती काढावी, इत्यादी. दुसरी बाजू हे नियम वाचून अमलात आणणाऱ्या यंत्रणेची. विंडोज २००० मध्ये अशी यंत्रणा आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आला. त्याचे आरेखन मुंबईचे सुलेखनकार व अध्यापक र. कृ. जोशी यांचे. रूपाने तो सर्वांस रुचला असे नाही. पण युनिकोडमधील मराठी मजकूर वाचकाच्या संगणकावर काही न पाठविता दिसणे त्यामुळे शक्य झाले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया या बदललेल्या परिस्थितीत वाढला.

मुक्त प्रणालींत हे कार्य हार्फबझ या यंत्रणेने केले. फायरफॉक्स, क्रोम व अँड्रॉइड यांत तीच वापरली जाते. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे. ओपनटाइप या नावाचेच हे फारसी रूपांतर आहे. ‘हर्फ’ हा शब्द उर्दूच्या परिचयामुळे मराठी वाचकास अपरिचित नसावा.

यंत्रणा आली तरी पानाबरोबर सुंदर फाँट पाठविण्याचा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी लागणारा ‘फाँट-फेस’ हा नियम सीएसएसच्या १९९८ च्या आवृत्तीत होता. पण तो दहा वर्षे जवळजवळ निरुपयोगी पडून राहिला. २००८ मध्ये सफारीने व २००९ मध्ये फायरफॉक्सने सामान्य फाँट स्वीकारण्यास प्रारंभ केला. २००९ मध्येच वॉफ हा वेबसाठीचा संक्षिप्त प्रकार पुढे आला. तो डिसेंबर २०१२ मध्ये प्रमाण झाला आणि त्याची दुसरी, अधिक संक्षिप्त आवृत्ती मार्च २०१८ मध्ये. देवनागरी फाँटात जोडाक्षरांच्या आकृत्या पुष्कळ असल्यामुळे तो रोमन फाँटाहून बहुधा जड असतो. म्हणून हा संक्षेप मराठीस विशेष उपकारक ठरला. २०१० मध्ये गूगल फाँट्सचे भांडार सुरू झाले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे फाँट आज त्यात विनामूल्य उपलब्ध आहेत. विकिमीडियाच्या भाषातंत्र चमूनेही याच सुमारास भारतीय भाषांसाठी टंकलेखनाची व फाँटांची साधने तयार करून ती सर्वांस खुली केली.

या कालखंडात व फाँटबद्ध कालखंडात बाह्यतः साम्य दिसेल. दोन्हींत फाँट पानाबरोबर प्रवास करतो. भेद मूलभूत आहे. पूर्वी फाँट गेला की लेखन गेले. आता फाँट गेला तर केवळ रूप बदलते, लेखन कायम राहते.

५. निरीक्षणाची व संदर्भाची साधने

चिन्ह आकृतीहून वेगळे झाले म्हणजे त्या दोहोंमध्ये काय घडते हे पाहण्याचे साधन लागते. ब्राउझरांनी पानाचा मूळ मजकूर पाहण्याची मुभा पहिल्यापासून दिली होती, आणि रचनाकारांची पहिली पिढी दुसऱ्यांची पाने उघडून पाहूनच शिकली. परंतु मूळ मजकुरावरून अंतिम रूप का असे झाले, हे कळत नसे. जो ह्यूइट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फायरबगने ही उणीव भरून काढली. पानावरील कोणत्याही घटकास स्पर्श केला की त्यास लागू झालेले व बाद झालेले नियम क्रमाने दिसत, आणि ते तेथेच बदलून पाहता येत. सामान्य नियम व त्यास बाध आणणारा विशेष नियम यांची ही व्यवस्था व्याकरणाच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल. फायरबग २०१७ मध्ये बंद झाले. पण त्याची कल्पना आज प्रमुख ब्राउझरांत अंगभूत आहे. मराठी पानाच्या दृष्टीने या निरीक्षकांचा एक उपयोग ध्यानात ठेवावा. अमुक ओळ प्रत्यक्षात कोणत्या फाँटाने काढली, हे त्यात कळते. नेमलेल्या फाँटात देवनागरी नसेल तर ब्राउझर गुपचूप दुसरा फाँट घेतो. रचनाकारास वाटते की आपलाच फाँट दिसत आहे.

संदर्भासाठी मोझिलाने २००५ पासून वाढविलेला एमडीएन हा कोश सर्वमान्य आहे. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल, सॅमसंग व डब्ल्यू३सी यांनीही तोच समान कोश म्हणून स्वीकारला. कोणती सोय कोणत्या ब्राउझरात उपलब्ध आहे हे ‘कॅन आय यूज’ या संकेतस्थळावर कोष्टकरूपाने मिळते. डब्ल्यू३सीचा तपासनीस पानातील खुणांचे व्याकरण तपासतो. मात्र व्याकरणशुद्ध पान हे भाषेच्या दृष्टीने योग्य असेलच असे नाही. मजकुराची भाषा न सांगणे ही तपासनीसाच्या लेखी चूक ठरत नाही. मराठीत तिचे परिणाम कोणते, ते पुढे दिसेल.

६. मराठीचे अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न आकृतीचा आहे. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे मराठी वळण हिंदीत रूढ असलेल्या वळणाहून भिन्न आहे. महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेविषयी २००९ व २०२२ मध्ये निर्णय काढले. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांस चिन्ह एकच आहे, आणि ते योग्यच आहे. अर्थभेद नसता चिन्हभेद करू नये. वळण निवडण्याची सोय ओपनटाइपमध्ये भाषावार ठेवलेली आहे. फाँटात ती असेल आणि पानावर ‘लँग’ गुणाने भाषा मराठी म्हणून सांगितली असेल, तर मराठी वळण आपोआप येते. वाचून दाखविणारे यंत्रही कोणत्या भाषेचा आवाज लावावा हे याच गुणावरून ठरविते. दोन अक्षरांची ही खूण रचनाकारास फुकट मिळालेले साधन आहे, आणि तेच पुष्कळदा विसरले जाते.

दुसरा प्रश्न याच्या उलट जातीचा, म्हणजे खऱ्या अर्थभेदाचा आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द भिन्न आहेत. पहिल्यात विद्वान आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद दाखविणारा अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हास हलन्त जोडून, किंवा साध्या र नंतर हलन्त व एक अदृश्य संयोजक ठेवून. दोन्हींची आकृती एक, संकेत भिन्न. आणि युनिकोडच्या सामान्यीकरणाने ते एकरूप होत नाहीत. परिणामी एका प्रकारे लिहिलेले ‘कऱ्हाड’ दुसऱ्या प्रकारे शोधल्यास न सापडण्याचा संभव राहतो. ‘ॲ’ विषयीही असेच घडले. त्यास स्वतंत्र स्थान २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिले. तत्पूर्वी अ व चंद्रखूण जोडून लिहिलेले शब्द आजही विखुरलेले आहेत. शोधाची सोय देणाऱ्या रचनाकाराने ही रूपे आधी एकरूप करून घेतली पाहिजेत.

तिसरा प्रश्न अक्षर म्हणजे काय, हा आहे. ‘क्षेत्र’ या शब्दात मराठी वाचक दोन अक्षरे मोजतो. जावास्क्रिप्ट सात मोजते. शब्दाच्या पहिल्या अक्षरास मोठे रूप द्यावयाचे किंवा ठरावीक अक्षरांनंतर मजकूर तोडावयाचा, तर कोणती मोजणी धरावी? युनिकोडच्या नियमांनी दीर्घकाळ जोडाक्षर हलन्तापाशी तोडण्यास मुभा दिली होती. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी ती काढून घेतली. मजकुराचे असे खंड पाडण्याचे जावास्क्रिप्टमधील साधन क्रोममध्ये २०२० पासून, तर फायरफॉक्समध्ये २०२४ पासून उपलब्ध आहे. क्रमाचेही तसेच आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या कोष्टकात तो ल आणि व यांच्यामध्ये आहे. केवळ संकेतांच्या क्रमाने शब्द लावले तर ‘कळ’ हा ‘कवच’ च्या आधी येईल आणि कोशाचा क्रम बिघडेल. भाषानिहाय क्रम लावण्याची प्रमाण सोय जावास्क्रिप्टसाठी २०१२ मध्येच ठरली; तिचा उपयोग करणे तेवढे उरते.

अखेरचा मुद्दा शैलीचा. रोमन मथळ्यांत अक्षरांमध्ये अंतर वाढविण्याची पद्धत आहे. तोच नियम देवनागरीस लावला की शिरोरेषा तुटते. येथे दोष साधनाचा नाही. एका लिपीची रीत दुसरीस विचार न करता लावल्याचा आहे.

७. उपसंहार

साधनांच्या या इतिहासातून एक कसोटी हाती येते. नवे साधन पुढे आले असता ते किती लवकर सुंदर पान देते, एवढेच पाहून भागत नाही. ते साधन उद्या काढून घेतले तर मजकूर मजकूर म्हणून शिल्लक राहील काय, हा प्रश्न विचारावा. एचटीएमएल, शैलीपत्रक, युनिकोड व ओपनटाइप या कसोटीस उतरतात. ईओटी, ट्रूडॉक व खिळ्यांच्या केसासारखे फाँट उतरले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर मराठी लेखनाचा एक थर बुडाला.

हे काम केवळ तंत्रज्ञांचे मानण्याची प्रथा आहे. परंतु अर्ध्या रचा अर्थभेद, ळचे स्थान, अक्षराची मोजणी आणि ल-शचे वळण हे मूलतः भाषाभ्यासाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे युनिकोडच्या नियमांत, फाँटांच्या कोष्टकांत आणि ब्राउझरांच्या आज्ञावलीत लिहिली जात आहेत. पूर्वी ती व्याकरणांत व कोशांत लिहिली जात, आणि तेथे मराठीच्या अभ्यासकांचा शब्द प्रमाण मानला जाई. मराठीच्या विभागांनी या नव्या नियमग्रंथांकडेही त्याच जबाबदारीने पाहावे.